हे मध्येच काय वाजतंय? (दगड, पेशी आणि कोड)

खडकफोड्या

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज वेळ मिळालाय तर लिहूनच टाकतो, लांबण लागली तर सांभाळून घ्या. गेल्या दोनचार वर्षांतली जी संशोधनं मला खरोखर लक्षात राहिली ती आठवून बघितली तर एक गंमत दिसते, की त्यातली बरीचशी 'चला आता अमुक शोधू' म्हणून कोणी निघालं आणि सापडली अशी नाहीयेत. कोणालातरी काहीतरी बारीकसं खटकलं, बाकीच्यांनी 'असेल काहीतरी' म्हणून सोडून दिलं असतं, यांनी सोडलं नाही. माझा विषय भूशास्त्र तेव्हा सुरुवात तिथून करतो, जीवशास्त्रवाले आणि कोडवाले इथे पडीक असतातच, त्यांनी भर घालावी.

१६ सप्टेंबर २०२३. जगभरच्या भूकंपमापकांवर एक विचित्र सिग्नल यायला लागला. नेहमीच्या भूकंपाचा आलेख म्हणजे सगळ्या वारंवारतांचा एकत्र गोंधळ असतो, सुरुवातीला जोरात थरथराट आणि मग हळूहळू शांत. हा मात्र एकच सूर धरून बसलेला, दर ९२ सेकंदांनी एक आवर्तन, आणि थांबायला तयार नाही. किती वेळ? तर नऊ दिवस. आर्क्टिकपासून अंटार्क्टिकापर्यंत सगळीकडे तोच सूर. लोकांना आधी वाटलं आपलंच यंत्र बिघडलंय. मग एकमेकांना विचारल्यावर कळलं की सगळ्यांचीच यंत्रं एकाच वेळी एकाच सुरात बिघडलीयत, म्हणजे अर्थातच यंत्रं ठीक आहेत. गमतीने त्याला यूएसओ म्हणायला लागले, म्हणजे अनोळखी उडती तबकडी असते तशी ही अनोळखी कंपनवस्तू :)

शेवटी माग निघाला तो पूर्व ग्रीनलंडमधल्या डिक्सन फ्योर्डमध्ये. फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली अरुंद खोल खाडी. तिथल्या एका डोंगराच्या पायथ्याला टेकू देणारी हिमनदी गेल्या काही दशकांत तापमानवाढीने पातळ होत गेली होती, टेकू गेला तसा साधारण १.२ किमी उंचीचा डोंगरमाथा कोसळला, सुमारे अडीच कोटी घनमीटर दगड आणि बर्फ पाण्यात गेलं. त्याची त्सुनामी समोरच्या कड्यावर २०० मीटरपर्यंत चढली. ७० किमी लांबच्या एका बेटावर लष्करी तळ होता त्याचंही नुकसान झालं, नशिबाने तिथे तेव्हा माणसं नव्हती. मोठी लाट शांत झाल्यावर उरलेलं पाणी मात्र खाडीच्या आडव्या दिशेने या काठावरून त्या काठावर हिंदकळत राहिलं, याला सेश म्हणतात, आणि तेच नऊ दिवस पृथ्वी वाजवत होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सायन्स या नियतकालिकात पेपर आला, १५ देश, ४० संस्था आणि ६८ जण.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. घटनेनंतर तीन दिवसांत डेन्मार्कचं एक लष्करी जहाज त्याच फ्योर्डमध्ये जाऊन आलं आणि त्यांना पाणी हिंदकळताना दिसलंच नाही! हजारो किलोमीटरवरच्या यंत्रांना ऐकू येतंय आणि त्यावरच तरंगणाऱ्या माणसांना पत्ता नाही.

नवखा

मस्त धागा, वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न, ९२ सेकंदच का? कमीजास्त का नाही?

खडकफोड्या

बाळबोध अजिबात नाही, उलट यातच मजा आहे. टबात पाणी घेऊन हलवलं तर ते एका ठरावीक तालातच हिंदकळतं, आपण घाई करून उपयोग नसतो. तो ताल ठरतो दोन गोष्टींवर, भांडं किती रुंद आणि पाणी किती खोल. सूत्र साधं आहे: रुंदीच्या दुप्पट अंतर भागिले लाटेचा वेग, आणि उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले खोली याचं वर्गमूळ. (५०० मीटर पाण्याला 'उथळ' म्हणायचं म्हणजे अती वाटेल पण लाटेची लांबी किलोमीटरांत असली की ते उथळच धरतात.)

फ्योर्डची रुंदी साधारण २.७ किमी, खोली ५४० मीटर. वेग येतो सेकंदाला ७३ मीटरच्या आसपास, ५४०० भागिले ७३ म्हणजे ७४ सेकंद. ९२ नाही आलं ना? कारण आपण फ्योर्डला चौकोनी डबा धरलाय, प्रत्यक्षात तळ इंग्रजी यूसारखा, काठाला उथळ. उलटा हिशोब केला तर ९२ सेकंदांसाठी सरासरी खोली ३५० मीटरच्या आसपास हवी, जे तसल्या आकाराला पटण्यासारखं आहे. हा माझा पाठीपेन्सिलीचा हिशोब हं, त्या लोकांनी तळाचा खरा नकाशा घालून सिम्युलेशन केलंय. आणि नऊ दिवस टिकलं कारण फ्योर्ड एका बाजूला हिमनदीने बंद आणि दुसरीकडे तीव्र वळण, ऊर्जा बाहेर निसटायला वाटच नाही.

सेमीकोलन

भारी. आता आमच्या गल्लीतली गोष्ट, 'खटकलं' या शब्दाला याहून चपखल उदाहरण मला माहीत नाही.

मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा डेव्हलपर आपल्या मशीनवर परफॉर्मन्स मोजत होता, बारीक मोजमाप करायचं तर आधी मशीन शांत पाहिजे, म्हणून तो बाकीचा गोंगाट कमी करत बसलेला. तर त्याला दिसलं की एसएसएचचे (दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरायचा रस्ता) लॉगिन, जे फेल होतायत तेसुद्धा, उगाच जास्त सीपीयू खातायत, आणि लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण काय केलं असतं, 'नेटवर्क स्लो असेल' म्हणून पुढे गेलो असतो. त्याला मात्र आठवलं की काही आठवड्यांपूर्वी एका टेस्टिंग टूलने पण काहीतरी विचित्र तक्रार केली होती, पॅकेज अपडेट केल्यानंतर. दोन दोरे जोडले, ओढत गेला, आणि शेवटाला सापडला एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशन लायब्ररीतला बॅकडोर (चोरदरवाजा), ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत. २९ मार्चला त्याने जाहीर केलं.

आणि रचना बघा. एसएसएच मुळात एक्सझेड वापरतच नाही. पण काही लिनक्स वितरणांनी सिस्टमडीच्या (मशीनवरचे बाकीचे प्रोग्राम सुरू करणारी यंत्रणा) सोयीसाठी एसएसएचला एक पॅच लावलेला, त्यातून सिस्टमडीची लायब्ररी आत यायची आणि ती पुढे एक्सझेडला ओढून आणायची, म्हणजे चोर शेजाऱ्याच्या शेजाऱ्याच्या खिडकीतून. मूळ घातक कोड गिटमध्ये (कोडच्या सार्वजनिक नोंदवहीत) उघडा कुठे दिसत नाही, टेस्टसाठीच्या बिघडलेल्या दिसणाऱ्या फायलींत लपवलेला, आणि त्या फायली उलगडणारी स्क्रिप्ट फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटायच्या गाठोड्यात). हे करणारं 'जिया टॅन' नावाचं खातं २०२१ पासून तिथे चांगली कामं करून विश्वास कमवत होतं, मूळ मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) एकटा, थकलेला, आणि दुसरी खाती त्याच्यावर 'किती हळू चाललंय, कोणाला तरी सोबत घ्या' म्हणून दबाव टाकत होती. धोक्याची श्रेणी दिली १० पैकी १०. डेबियन वगैरेंच्या अजून स्थिर न झालेल्या शाखांपर्यंतच पोचलेला म्हणून वाचलो, पुढे स्थिर आवृत्तीत गेला असता तर काय झालं असतं याचा विचारच नको.

पेशीवाली

दोन्ही किस्से झकास. माझ्याकडचा जरा संथ आहे, नऊ दिवस नाही, सव्वीस वर्षं लागली :)

१९९८ मध्ये जोनाथन झेहर यांना पॅसिफिक महासागराच्या पाण्यात डीएनएचा एक छोटासा तुकडा मिळाला. हवेतला नायट्रोजन पकडून सजीवांना वापरता येईल असा करणाऱ्या जनुकाचा तुकडा, पण ओळखीच्या कुठल्याच जिवाणूशी जुळेना. जीव कोण ते माहीत नाही, दिसतो कसा माहीत नाही, नुसता तुकडा. नाव ठेवलं यूसीवायएन-ए. पुढे त्याचा जीनोम कळला तेव्हा तो आणखी विचित्र, सायनोबॅक्टेरियाच्या कुळातला असून प्रकाशसंश्लेषणाची अर्धी यंत्रणाच गायब, म्हणजे हा एकटा जगूच शकत नाही, कोणाच्या तरी जिवावर आहे. ते कोणीतरी म्हणजे ब्रारुडोस्फेरा बिगेलोवी नावाचं एकपेशीय शैवाल. आणि जपानमध्ये क्योको हागिनो नावाच्या संशोधिका हेच शैवाल प्रयोगशाळेत वाढवायचा प्रयत्न करत होत्या, दहा वर्षांहून जास्त, ३०० पेक्षा जास्त वेळा समुद्राचे नमुने गोळा करून. त्यांचा रस शैवालात, झेहर यांचा आतल्या जीवात, दोघे एकाच पेशीच्या दोन बाजूंनी खणतायत!

शैवाल वाढलं तेव्हा कुठे बाकीच्या गोष्टी तपासता आल्या. क्ष-किरणांनी पेशीच्या आत बघितलं तर पेशी विभागताना हा आतला जीव पण त्याच वेळापत्रकात विभागतो, दोन्ही पेशींना एकेक वाटणीला येतो. आणि त्याला लागणारी जवळपास निम्मी प्रथिनं यजमान पेशी बनवून देते, त्यांना एक खास शेपूट जोडलेलं असतं, पत्त्याची चिठ्ठीच म्हणा. म्हणजे हा आता पाहुणा राहिलाच नाही, पेशीचं अंगक (पेशीतला कायमचा अवयवच) झालाय. एप्रिल २०२४ मध्ये सायन्समध्ये आलं, नाव दिलं नायट्रोप्लास्ट. मायटोकॉन्ड्रिया आणि हरितलवक हे असेच कधीकाळी गिळलेले जिवाणू, ते आपण शाळेत शिकलो, पण ते अब्जावधी वर्षांपूर्वीचं प्रकरण. हे दहाएक कोटी वर्षांचं, म्हणजे ताजंच. शिवाय केंद्रक असलेल्या पेशी स्वतः नायट्रोजन पकडू शकत नाहीत हे पुस्तकातलं वाक्य आता बदलावं लागणार.

पाटीपुसणी

पेशीताई, साष्टांग दंडवत. ३०० वेळा नमुने! मी तिसऱ्या वेळी बिल्ड फेल झाला की लॅपटॉप मिटतो.

शंकासूर

सगळं वाचलं, छान लिहिलंय सगळ्यांनी, पण काडी टाकल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही तिघांनी जिंकलेल्या लॉटरीची तिकिटं दाखवलीत. खटकलेल्या गोष्टींच्या मागे लागून आयुष्य फुकट गेलेले किती असतील त्यांचे पेपर येत नाहीत म्हणून आपल्याला दिसत नाहीत. भौतिकशास्त्रातली दोन उदाहरणं देतो (धागा दगड-पेशी-कोडचा आहे मान्य, थोडं अवांतर चालवून घ्या).

२०११, ऑपेरा प्रयोग. न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतायत असं दिसलं, जगभर हल्लकल्लोळ, आइन्स्टाइन चुकला वगैरे. निघालं काय, तर मुख्यतः एक ऑप्टिक फायबर नीट बसलेली नव्हती. दुसरं, ऑस्ट्रेलियातली पार्क्स रेडिओ दुर्बीण. १९९८ पासून अधूनमधून एक चमत्कारिक रेडिओ ठिपका यायचा, नाव पेरिटॉन. २०१५ मध्ये छडा लागला: कोणीतरी मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार तो थांबायच्या आधीच उघडत होतं!! सतरा वर्षं :D

तर 'खटकलं ते सोडू नका' हा सल्ला म्हणून भिकार आहे. शंभर गोष्टी खटकतात, त्यातल्या नव्व्याण्णव सैल वायरी असतात.

सेमीकोलन

@शंकासूर मुद्दा निम्मा मान्य. फ्रॉइंडने स्वतःच म्हटलंय की बरेच योगायोग जुळून आले. पण आमच्या धंद्यात सैल वायर सापडणं हेच काम आहे हो, नव्व्याण्णव सैल वायरी सापडल्या तर नव्व्याण्णव बग मिटले. अपयश कुठंय त्यात.

खडकफोड्या

आणि पेरिटॉनचं उदाहरण तर माझ्याच बाजूला जातं की. २००७ मध्ये पार्क्सच्याच जुन्या डेटात आकाशातून आलेला एक जोरदार क्षणिक रेडिओ स्फोट सापडलेला, तसल्या स्फोटांवर कोणाचा विश्वास बसत नव्हता कारण हे पेरिटॉन त्यांच्यासारखेच दिसायचे, लोक म्हणायचे सगळाच स्थानिक कचरा आहे. ओव्हन पकडल्यावर कचरा कुठला आणि आकाशातलं कुठलं हे वेगळं करता आलं. म्हणजे ओव्हनच्या मागे लागलेल्याने खगोलशास्त्राचा रस्ता झाडून दिला.

शंकासूर

वकिली चांगली आहे, हलके घ्या. पण मग खटकण्याच्या बाबतीत आपला आतला आवाज किती भरवशाचा हेही बघा. जुलै २०२५ मध्ये मीटर नावाच्या संस्थेचा अभ्यास आला, सेमीकोलन तुम्ही वाचला असेलच. १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, स्वतःचेच प्रोजेक्ट, ज्यात ते सरासरी पाचेक वर्षं काम करतायत, २४६ खरीखुरी कामं. प्रत्येक कामाला नाणेफेक केल्यासारखं ठरवायचं की इथे एआय वापरायचं की नाही. आधी विचारलं तर म्हणाले एआयने २४ टक्के वेळ वाचेल. सगळं झाल्यावर विचारलं तर म्हणाले २० टक्के वाचला. घड्याळ म्हणालं १९ टक्के जास्त लागला.

हळू झाले यात मला फार रस नाही, टूल्स बदलत राहतात, वेगळे लोक वेगळं काम घेतलं तर आकडा बदलेल, त्या लोकांनीही तसं स्पष्ट लिहिलंय. मला रस आहे तो पुढच्या भागात, काम करून उठल्यावर, आपल्याच हाताने केलेल्या कामाबद्दल, या कसलेल्या लोकांना आपण वेगात होतो की संथ हे कळलं नाही. खटकलंच नाही!

सेमीकोलन

हो वाचलाय आणि पहिल्यांदा राग आला होता, खोटं कशाला बोलू. मग स्वतःवर प्रयोग करून बघितला, आठवडाभर कामाच्या वेळा लिहून ठेवल्या, आकडे सांगत नाही कारण एका माणसाच्या एका आठवड्याला काही अर्थ नसतो, पण अंदाज आणि घड्याळ यांची गाठ पडली नाही एवढं सांगतो. माझा तर्क असा की टायपिंग थांबलं की डोक्याला आराम मिळतो आणि आराम म्हणजे वेग असं डोकं समजतं. वाट बघण्यात, उत्तर वाचण्यात, ते दुरुस्त करण्यात गेलेला वेळ कामात धरलाच जात नाही.

पण मग बघा ना, फ्रॉइंडला अर्धा सेकंद 'जाणवला' असं आपण म्हणतो तेही अर्धसत्यच आहे. तो मोजत बसला होता म्हणून दिसला.

शंकासूर

हां, हे पटलं. असं आधी लिहिलं असतंत तर काडी वाया गेली नसती.

पेशीवाली

मोजण्यावरून आठवलं, आमच्याकडे उलटा प्रकार झाला, टूलनेच गुपचूप डेटा बदलला आणि कोणाला वर्षानुवर्षं खटकलं नाही. एक्सेल!

जनुकांना सेप्ट२, मार्च१ अशी इंग्रजी लघुनावं असायची. ती एक्सेलमध्ये टाकली की एक्सेल म्हणणार अरे वा तारीख, आणि २ सप्टेंबर, १ मार्च करून ठेवणार. २०१६ मध्ये काहींनी जीनोमिक्सच्या पेपरांना जोडलेल्या एक्सेल फायली तपासल्या, जनुकांच्या याद्या असलेल्या पेपरांपैकी साधारण पाचव्या हिश्शात असली चूक निघाली. धोक्याचा इशारा २००४ मध्येच एका पेपरने दिलेला होता बरं का, बारा वर्षं गेली होती मध्ये. २०२१ मध्ये परत तपासलं तर प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बोंबाबोंब करून पण वाढलंच. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२० मध्ये, मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली, सेप्टचं सेप्टिन, मार्चचं मार्चएफ. उत्क्रांतीने करोडो वर्षं सांभाळलेल्या जनुकाने स्प्रेडशीटपुढे नाव बदललं, यावर हसू की रडू. एक्सेलमध्ये हे आपोआप बदलणं बंद करायची सोय आली २०२३ मध्ये.

पाटीपुसणी

हसून हसून पडले. समितीचे मिनिट्स वाचायला मिळाले तर काय मजा येईल.

आरसेमहाल

वामा (वाचनमात्र) होतो, पण आता लिहितोच. बदललेल्या रकान्यांवरून एक जुनं प्रकरण, २००६ चं. प्रथिनांची त्रिमितीय रचना काढणाऱ्या एका नावाजलेल्या प्रयोगशाळेत घरगुती प्रोग्राम वापरात होता, त्यात दोन रकान्यांची अदलाबदल होत होती. परिणाम काय, तर रचना आरशातली आली, डावं ते उजवं. पाच पेपर मागे घ्यावे लागले. प्रोग्राम कुठेही क्रॅश झाला नाही, एररचा एक शब्द नाही, रचना दिसायला सुंदर. ज्यांना त्या रचना आपल्या प्रयोगांशी जुळत नव्हत्या त्या इतरांना मधल्या काळात आपणच चुकतोय असं वाटत राहिलं असणार.

आता याला जोडून दगडांकडे जातो. डावं-उजवं हा प्रकार सजीवांत फार कडक आहे, आपल्या प्रथिनांतली अमिनो आम्लं डाव्या हाताची. का, हे कोडं. एक लाडकं उत्तर असं होतं की अवकाशातून आलेल्या उल्कांतच डावी थोडी जास्त होती, सुरुवातीलाच पारडं झुकलं. काही उल्कांत तसा कल दिसलाही होता. मग ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नू लघुग्रहावरून सप्टेंबर २०२३ मध्ये १२१.६ ग्रॅम माती पृथ्वीवर आणून टाकली. जानेवारी २०२५ मध्ये निकाल आले: सजीव वापरतात त्या २० पैकी १४ अमिनो आम्लं, डीएनए आणि आरएनएचे पाचही बेस (म्हणजे त्यांची अक्षरं). सगळ्या बातम्या इथेच थांबल्या, 'जीवनाचे घटक सापडले'. पण डावी आणि उजवी जवळजवळ समसमान! मला विचाराल तर मथळा हा होता, लाडक्या उत्तराला धक्का बसला.

आणि क्षार. त्या मातीत खारं पाणी आटून बनणारे क्षार सापडले, म्हणजे बेन्नूच्या जनक ग्रहिकेवर कधीकाळी खाऱ्या पाण्याची डबकी किंवा भेगा होत्या. हे उल्कांत सहसा का दिसलं नाही? कारण असले क्षार पृथ्वीच्या दमट हवेत टिकत नाहीत, उल्का पडल्यावर आपणच ते धुवून टाकतो. बेन्नूची माती बंद डब्यातून आली आणि नायट्रोजनमध्ये ठेवली म्हणून वाचली.

खडकफोड्या

आरसेमहाल, तुम्ही वामा राहून आमचं नुकसान करताय, लिहीत जा. क्षारांचा मुद्दा फार मोलाचा. 'सापडलं नाही' याचा अर्थ 'नव्हतं' असा आम्ही सहज घेतो.

नवखा

अल्फाफोल्डबद्दल (प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणारं एआय) कोणीच कसं लिहिलं नाही? २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल हसाबिस आणि जम्पर यांना त्यासाठीच ना, बेकर यांच्यासोबत? २० कोटींवर प्रथिनांच्या रचना म्हणे तयार आहेत. मग आता खटकायला माणूस लागणार की नाही?

पेशीवाली

@नवखा चांगला प्रश्न आणि याचं उत्तर धाग्याच्या विषयातच बसतंय. अल्फाफोल्ड रचना देताना प्रत्येक भागाबद्दल स्वतःला किती खात्री आहे तेही गुण देऊन सांगतं. काही प्रथिनांत मधला भाग व्यवस्थित घडी घातलेला आणि बाजूला नुसता दोऱ्याचा गुंता, खात्रीचे गुण अगदी कमी. सुरुवातीला बघणाऱ्याला वाटणार इथे प्रोग्राम फसला. पण बरेचदा तो भाग खरंच तसा असतो, त्याला एक ठाम आकार नसतोच, पेशीत तो लवलवतच असतो. कमी गुण म्हणजे प्रथिन बेशिस्त असल्याची खूण, आणि आता लोक ती खूण म्हणून वापरतात पण. तर हे बघायला माणूस लागलाच.

जाता जाता, अल्फाफोल्ड ३ मे २०२४ मध्ये नेचरमध्ये आलं ते कोडशिवाय! हजाराहून जास्त संशोधकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या, नोव्हेंबरमध्ये शैक्षणिक वापरासाठी कोड उघडला. आमच्यासारख्यांनी पेपरात एक ग्राफ कमी दिला तर रिव्ह्यूअर परत पाठवतात, मोठ्यांना मात्र स्यूडोकोडवर (कोडच्या नुसत्या वर्णनावर) सूट, हे मला अजून पचलेलं नाही.

सेमीकोलन

+१. कोड नाही तर पडताळणी कशाची करणार, चकचकीत जाहिरात वाचायची फक्त. एक्सझेडमध्ये निदान सोर्स हातात होता म्हणून चोर पकडता आला.

शंकासूर

नवख्याचा प्रश्न मला भूकंपांना लावून बघायचाय. खडकभाऊ, तुमच्याकडे आता मशीनच भूकंप शोधतात ना? मग तो ९२ सेकंदांचा सूर मशीनला सापडला असता का?

खडकफोड्या

हा प्रश्न येईल याची वाटच बघत होतो, दोन भागांत सांगतो.

आधी मशीनचं कौतुक. २०१९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या २००८ ते २०१७ या दहा वर्षांच्या नोंदी परत चाळल्या, ओळखीच्या भूकंपांचे नमुने घेऊन तसाच आकार गोंगाटात कुठे लपलाय का ते बघत. आधीच्या यादीत १ लाख ८० हजारांच्या आसपास भूकंप होते, ते झाले १८ लाख १० हजार. सरासरी दर १७४ सेकंदांना एक. सगळे आधीपासून कागदावर होते, गोंगाट म्हणून पडून. हे माणसाच्या बापाला जमलं नसतं.

पण यात 'ओळखीच्या' हा शब्द बघा. तसाच प्रकार नंतरच्या न्यूरल नेटवर्कवाल्या टूल्सचा, त्यांना शिकवलेलं असतं पी लहर (भूकंपाची आधी पोचणारी) आणि एस लहर (मागून येणारी) कशी सुरू होते ते. फेजनेट नावाचं गाजलेलं टूल आहे, ते एकावेळी ३० सेकंदांचा तुकडा बघतं. ९२ सेकंदांच्या लाटेचा ३० सेकंदांत तिसरा हिस्सा पण मावत नाही, त्याला ती दिसणार म्हणजे एक संथ उतार, आणि असले संथ उतार बहुतेक जण डेटा आत घालायच्या आधीच फिल्टर लावून काढून टाकतात. तर नाही, त्या टूलला नसता सापडला. त्याची चूक नाही, त्याला ते काम दिलंच नव्हतं. दीर्घ आवर्तनांचा डेटा वेगळा बघणारे लोक होते, त्यांना दिसला.

नवखा

मग नुसत्या सिग्नलवरून पाणी हिंदकळत होतं हे ठरवलं, प्रत्यक्ष कोणी बघितलंच नाही? शंकासूरांच्या भाषेत सैल वायर नाही कशावरून?

खडकफोड्या

बघितलं, पण वरून. स्वॉट नावाचा उपग्रह आहे, डिसेंबर २०२२ मध्ये गेला. जुने उपग्रह पाण्याची उंची फक्त आपल्या बरोब्बर खालच्या रेषेवर मोजायचे, अरुंद फ्योर्डात त्याचा उपयोग शून्य. स्वॉट रुंद पट्टा मोजतो. जून २०२५ मध्ये ऑक्सफर्डच्या लोकांनी त्याच्या जुन्या फेऱ्यांतला डेटा काढून दाखवलं की त्या दिवसांत फ्योर्डच्या एका काठाचं पाणी दुसऱ्या काठापेक्षा वर होतं, दोन मीटरपर्यंत फरक, आणि वेगवेगळ्या फेऱ्यांत उतार उलटसुलट दिशेला. वारा, भरती वगैरेंनी तसं होईल का तेही तपासलं. शिवाय ११ ऑक्टोबर २०२३ ला तिथेच दुसरा, जरा छोटा कोसळा झाला आणि पुन्हा तोच ९२ सेकंदांचा सूर.

शंकासूर

ठीक आहे, वायर घट्ट आहे. फक्त त्या जहाजावरच्या लोकांबद्दल मला अजून वाईट वाटतंय. लाट तेव्हा किती राहिली होती?

खडकफोड्या

सुरुवातीला सातेक मीटर धरतात, काही दिवसांत सेंटिमीटरांवर आली. समजा हातभर जरी असती, तरी दीड मिनिटात एकदा सावकाश वर आणि सावकाश खाली. डेकवर उभं राहून तुम्हाला तरी कळलं असतं का?